ट्रक पूल चढेना

दि. ४ फेब्रुवारी, सोमवार

मी, आत्माराम गोविंद घाडी, वय वर्षे शहात्तर, मराठी चौथी उत्तीर्ण, पूर्वी कापडगिरणीत साचेखात्याचा (म्हणजे मागांचा) तेलवाला, गिरणी संपानंतर ट्रकचालक, हल्ली त्याच धंद्यात ट्रकमालक, राहणार परळ, घडले तेच लिहितो.

आज ट्रक पुलावर चढेना. मागे हौद्यात बर्फाच्या लाद्या. चि. विलास (यापुढे वि.) पहिल्या गिअरमध्ये कुंथत नेत होता. मागून हॉर्न आणि शिव्या. एक टॅक्सीवाला वाकून मला म्हणाला, "बाबा, तुम्ही उतरलात तर चढेल काय?" माहीमच्या कोळीवाड्यात पोहोचेपर्यंत लाद्या निम्म्या वितळलेल्या. आमचे कायमचे गिऱ्हाईक हिराबाई. कमरेवर हात ठेवून सर्वांदेखत, "काय रं म्हाताऱ्या, बरफ आनलास का पानी?"

किळस आली. बाईची नव्हे, स्वतःची.

दि. ५, मंगळवार

पुलाखालच्या गॅरेजवाल्याने तोंडातील गुटखा न थुंकता क्लच गेला असे निदान केले. क्लच बदलला. फरक नाही. मग डिझेलचा फिल्टर. फरक नाही. तिसऱ्यांदा "गाडीच म्हातारी झाली," म्हणाला आणि माझ्याकडे पाहिले. असल्या माणसाला साचेखात्यात जॉबरने, म्हणजे मुकादमाने, झाडू मारायलाही उभे केले नसते.

सायंकाळी वि. म्हणाला, "तात्या, हिरामावशी शनिवारपर्यंत थांबते म्हणाली. नाही जमलं तर टेम्पो विकतो आणि कुठेतरी ड्रायव्हर म्हणून लागतो."

टेम्पो! ट्रक म्हणण्याचीही लाज. संपात आमच्यातले कितीतरी खाली मान घालून आत गेले, मी फाटकाकडे फिरकलो नाही. आणि आता माझा मुलगा दुसऱ्याच्या गाडीवर...

दि. ७, गुरुवार

भोईवाड्याचा रफिक मिस्त्री आला. आधी ट्रकभोवती एक फेरी मारली, मग हात लावला. ही रीत मला मान्य. सायलेन्सरच्या पाइपाचा इंजिनाकडचा जोड त्याने सैल केला आणि वि.ला गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येण्यास सांगितले. आवाज असा की चाळ गॅलरीत आली. पण ट्रक घोड्यासारखा पळाला.

"चाचा, इंजिन एकदम फिट. इसका नाक दबाया है किसीने."

धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर नावाचा डबा त्याने उतरवला. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते. पलीकडून बॅटरी मारली, अलीकडे उजेड नाही. काळे, चिकट, डांबरासारखे किटण. बोटाला लागले ते रॉकेलनेही निघेना.

रफिक म्हणाला, जाळी ठोकून काढू, रिकामाच डबा बसवू, बाहेरून कोणाला कळते. वि. लगेच तयार. मी साफ नकार दिला. बाहेरून धड आणि आतून पोकळ असले पुढारी मी संपात पुष्कळ पाहिले. वि. पुटपुटला, "झालं, आता संप सुरू." ऐकले.

दि. ८, शुक्रवार

नवा डबा बसला. रफिक म्हणाला, पहिला कशाने भरला ते कळल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, नाहीतर हाही भरेल. इंजिनातील तेल मोजण्याची पट्टी त्याने ओढून पाहिली. तेल खुणेच्या दोन बोटे वर.

"ऑइल कोण भरतो?"

मी भरतो. रोज सकाळी स्नान आणि देवापुढे दिवा झाल्यावर ट्रकला पेलाभर तेल. साचेखात्यात दिवस तेलानेच सुरू होत असे. माझ्या हाताखालचा एक साचाही कधी कोरडा चालला नाही.

वि. : "तात्या, रोज? पट्टी न बघता?"

गॅलरीतून शेजारी परब, हसत : "घाड्यांनू, गाडयेक एवढा तेल कित्याक पाजतास? ती काय पैलवान आसा?"

रफिकने समजावले. साच्याचे तेल गळून जाते, इंजिनाचे आतच राहते. जास्त झालेले इंजिन ओढून घेते, जाळते आणि त्याचे किटण जाळीत बसते. मी म्हणालो, तेलाने यंत्र मरत नाही.

"पानी से भी आदमी नहीं मरता, चाचा. डूब गया तो मरता है."

घरात आलो. कालचे किटण पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे. ते कोणी घातले, हे आता...

दि. ९, शनिवार

रफिकने जादा तेल काढले. पूर्ण भरलेला ट्रक तिसऱ्या गिअरमध्ये पूल चढला. हिराबाईने लादीवर थाप मारली. "आज बरफ हाय." सोमवारपासून पुन्हा रोज नेण्याचे ठरले. विकण्याचा विषय वि.ने काढला नाही.

परतल्यावर चाळीच्या दारात, रफिक आणि परब यांच्यादेखत, मात्र त्याने तेलाचा डबा माझ्या हातातून घेतला. हिसकावला नाही. हळूच घेतला, ते अधिक वाईट. "तात्या, उद्यापासून इंजिनाला हात लावायचा नाही. कबूल?"

या हातांनी चौदाव्या वर्षापासून यंत्राला तेल दिले आहे. उद्या दिवा लावून झाल्यावर मी काय करावे, हे कोणीच सांगितले नाही. कबूल म्हटले नाही. नाही असेही म्हटले नाही. डब्याचे झाकण माझ्याच मुठीत राहिले होते, ते वि.च्या हातात दिले.

समक्ष हजर : चि. विलास आत्माराम घाडी. रफिक मिस्त्री, भोईवाडा. शेजारी परब, जे या वेळी हसले नाहीत.