बाबांचं सॅलड

प्रिय राजे,

'प्रिय' वाचून हुरळून जाऊ नकोस. कॉन्व्हेंटात आम्हाला पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, तक्रारीचं पत्र असलं तरी सुरुवात 'प्रिय'नेच करावी, म्हणजे पुढे हवं तेवढं झाडता येतं. तुझ्या आईसमोर मी तुला अहो-जाहो करत होते, तो काळ गेला. आता तू 'तू'च. 'राजे' मात्र ठेवलंय, कारण पाण्याचा ग्लास हातात मिळाल्याशिवाय ज्याची तहान भागत नसे, त्याला दुसरं काय म्हणायचं?

तुझा मेसेज मिळाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याकडे काही मागितलंस, आणि मागितलंस काय, तर सॅलडची कृती. ठकी रविवारी नवऱ्याला घेऊन तुझ्याकडे जेवायला येतेय. ती म्हणाली, बाबा, तुम्ही शनिवारी पाठवायचात तेच करा, ते थंड, दाटसर पास्ता सॅलड, मका आणि चिकन घातलेलं. त्यावर तू मला लिहितोस, "मी कधी पाठवलं? पोरीची काहीतरी गल्लत होतेय. तुला माहीत असेल तर कृती टाक, नाहीतर मी तिला सरळ खरं सांगून टाकतो." वा रे सत्यवचनी! आयुष्यभर खरं बोलायला तुला मुहूर्त सापडला नाही, आणि आता एकदम सरळ व्हायची घाई झाली. गल्लत ठकीची नाही. का नाही ते सांगते, पण आधी कृती. आज बुधवार आहे, आणि तुझ्या हातांना तयारीला तीन दिवस लागतीलच. मेसेजवर पाठवत नाही, कारण ठकी घरात आल्या आल्या फोटो बघायला तुझा फोन हातात घेईल, आणि तुला त्यातलं काही पुसता येत नाही हे मी खात्रीने सांगू शकते.

पास्ता शंखाच्या आकाराचा आण. लांब शेवयांसारखा नको, नळ्या नकोत. त्या शंखांच्या पोटात मक्याचा एकेक दाणा जाऊन बसतो, आणि ठकी तो काट्याने टोकरून आधी खायची. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घे, ते चांगलं खळखळू दे, मीठ घाल, मग पास्ता. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट जास्त उकळ, कारण गार झाल्यावर तो घट्ट होतो. चाळणीत ओतून थंड पाण्याखाली धर आणि नीट निथळू दे. चाळणी म्हणजे भोकांचं भांडं. दुकानात विचार, लाजू नकोस. लोक तुझ्याकडे चष्म्याच्या काचा घासायला द्यायचे आणि तू अर्ध्या मिलिमीटरसाठी अख्खी दुपार घालवायचास. त्याच डोळ्यांना स्वयंपाकघरातला चमचा कधी दिसला नाही, हे एक मला न सुटलेलं कोडं आहे.

चिकन छातीचं, हाडांशिवाय. थोड्या पाण्यात मीठ, चार मिरे आणि एक तमालपत्र घालून मंद आचेवर शिजव, आणि त्याच पाण्यात गार होऊ दे. बाहेर काढून ठेवलंस तर चपलेचा तळ होईल. मका वाफवून घे आणि फडक्यावर पसरून कोरडा कर. हे वाचून 'एवढं कशाला' म्हणशील, म्हणून सांगते. दाणे ओले राहिले की सगळं पाणचट होतं, आणि पाणचटपणा त्या घरात पुरेसा आहे. मग एका वाडग्यात मेयोनीज, त्याच्या निम्म्या प्रमाणात पाणी काढलेलं घट्ट दही, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर साखर, छोटा चमचा मोहरीची चटणी, ती बाटलीतली पिवळी, आणि मिरपूड. मिरपूड जास्त हवी. तुला लागते तेवढी. एक सिमला मिरची बारीक चिरून घाल. पास्ता पूर्ण गार झाल्यावरच कालव, आणि एक तृतीयांश मिश्रण बाजूला राखून ठेव, कारण फ्रिजमध्ये पास्ता ते पिऊन टाकतो. वाढायच्या आधी राखलेलं घालून पुन्हा हलव. किमान दोन तास फ्रिजमध्ये.

आता मुद्द्याची गोष्ट, जी कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. चिकन डाव्या हाताने चिर.

हसलास? मी बासष्ट शनिवार डाव्या हाताने चिरलंय.

आपलं ठरलं होतं ते आठव. वकिलाच्या त्या कोंदट खोलीत पंखा कुरकुरत होता आणि तू सही करताना म्हणालास, शनिवार माझा, दुपारी बारा वाजता मी ठकीला न्यायला येईन. तीन शनिवार आलास. चौथ्या शनिवारी ती पोहण्याच्या क्लासवरून आली, ओल्या केसांना रबर लावलं, मोजे गुडघ्यापर्यंत ओढले आणि पिशवी मांडीवर घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली. एक वाजला, दोन वाजले. खालच्या शिंपीणबाई विचारून गेल्या, काय गं, कुणाची वाट बघतेस, तर म्हणाली, बाबा गाडी लावतायत. तू गाडी अडीच तास लावत होतास. नऊ वर्षांची पोर, आणि तुझी बाजू सांभाळून घेत होती. मी तुझ्या दुकानात फोन केला तेव्हा तुझा मदतनीस म्हणाला, साहेब सहलीला गेलेत. सहलीला! तेव्हा मी पहिल्यांदा तुझा तिरस्कार केला, राजे. तू मला सोडून गेलास त्याचा नव्हता केला. त्याचं फक्त वाईट वाटलं होतं.

पुढच्या शनिवारी ती क्लासला गेली आणि मी पाणी उकळायला ठेवलं. सॅलडच का? आपण पहिल्यांदा बाहेर जेवलो ते टेलिफोन एक्स्चेंजसमोरच्या छोट्या कॅफेत, काचेच्या वाडग्यातून हेच पास्ता सॅलड. माझी शिफ्ट संपली होती, कानांवर हेडफोनचे वळ होते, आणि तू त्या वळांवर बोट ठेवून म्हणालास, तुझ्या कानांना खास गादी करून देतो. मग पास्ता खाता खाता छाती फुगवून म्हणालास, ह्यात काय आहे, हे तर मीही करीन, एक दिवस तुला करून घालतो. तू मला स्वतःच्या हाताने करून घालायचं वचन दिलेला तो एकमेव पदार्थ. किती देखणा दिसत होतास तेव्हा, हे लिहितानाही माझा मलाच राग येतो.

दुसरं कारण सोयीचं. थंड पदार्थ किती वाजता केला ते कळत नाही. गरम जेवण दारात ठेवून कुणी गेलं असं सांगितलं तर वाफच चुगली करते. शिवाय ते माझ्या हातचं वाटायला नको होतं. माझे तुकडे एकसारखे असतात, ठकी डोळे मिटून ओळखेल. म्हणून डावा हात. वेडेवाकडे, एक अंगठ्याएवढा, एक नखाएवढा. तुझी मिरपूड. निळ्या झाकणाचा डबा मुद्दाम दूरच्या दुकानातून आणला. पातेलं घासून, पुसून जागेवर, खिडक्या उघड्या. साडेअकराला ती आली की मी म्हणायचे, अगं, बाबा येऊन गेले, घाईत होते, तुझ्यासाठी स्वतः करून आणलंय. सिस्टर सांगायच्या की खोटं बोलताना माणसाचा आवाज चढतो. मी एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती, माझा आवाज कधीच चढत नाही.

आणि तू त्याचं काय केलंस? काही नाही. आयत्या बिळावर नागोबा! ती चमच्याचमच्याला तुझं कौतुक करायची. आई, बाबांसारखं तुला जमत नाही. आई, बाबांना विचार ना ते मका इतका गोड कसा करतात. एकदा मी रोजच्या जेवणात चिकन केलं तर म्हणाली, छान आहे, पण बाबांचे तुकडे मजेशीर असतात. मी माझ्याच डाव्या हातावर जळत होते. सवतीवर जळण्यापेक्षा ते बरं, असं मनाला समजावलं. तुझी ती दातांची डॉक्टरीण, तिनेही तुला दोन वर्षांत बाहेर काढलं म्हणे. दात किडका असेल तर तिला कळणारच.

मग तू शहर सोडलंस, आणि मला सांगता आलं की बाबा लांब गेले, आता डबा पोहोचणार नाही. त्या दिवशी ती रडली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला, हेही कबूल करते. त्यानंतर वर्षातून दोनदा तुझे तीन-तीन मिनिटांचे फोन. त्यातही ती सॅलडबद्दल बोलायची, मी शेजारी उभी राहून श्वास रोखायचे. पण तू जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नाहीस. पलीकडून 'हो बेटा, हो हो बेटा' एवढंच. तुझ्या त्या एका दुर्गुणाने मला इतकी वर्षं वाचवलं.

लग्नाच्या जेवणात ठकीच्या नवऱ्याने मला बाजूला घेऊन काय सांगितलं ठाऊक आहे? तू नव्हतास, तुझी गुडघेदुखी आली होती. तो म्हणाला, ती कुणावर पटकन विश्वास ठेवते, घाबरत नाही, ते तिच्या वडिलांमुळे. वेगळे राहूनही दर शनिवारी डबा आणणारे वडील मी तरी कुणाचे ऐकले नाहीत. मी हसले. दुसरं काय करणार होते? तो भला मुलगा आहे, आणि ते म्हणणं खरं आहे. फक्त वडील खरे नाहीत.

तेव्हा रविवारी मनातलं ओझं हलकं करायची हुक्की आली, तर तोंडात पास्ता कोंब. तुझ्या कबुलीने तुला रात्री छान झोप लागेल आणि तिचे बासष्ट शनिवार एका घासात जातील. तिला समजा पुढेमागे कधी कळलंच, तर ते माझ्याकडून कळेल आणि मी तिचं सोसेन. तू सांगायचं नाहीस. खरं बोलायचाही हक्क कमवावा लागतो, राजे. मी येणार नाही. तिने आग्रह केला, पण मी आता काम करते त्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवर बदली ड्यूटी मागून घेतली आहे.

आता हे सगळं फोनवर चार वाक्यांत न सांगता कुरिअरने का पाठवतेय, ते. ठकी डबा स्वतः घासून शनिवारी संध्याकाळी जिन्यात ठेवायची, बाबा घेऊन जातील म्हणून, आणि त्यात चिठ्ठी घालायची. मी कचरा टाकायच्या निमित्ताने बाहेर जाऊन तो उचलायचे. अडतीस चिठ्ठ्या आहेत, सोबत जोडल्या आहेत. त्या तुझ्या नावाच्या होत्या, मी ठेवून घेतल्या. बहुतेक पोहण्याबद्दल, एक मांजराबद्दल. एकीत आहे, 'बाबा, पुढच्या शनिवारी याल का? नसेल जमत तर सॅलड चालेल.' बऱ्याच चिठ्ठ्यांच्या शेवटी लिहिलंय, 'उत्तर डब्यातच ठेवा.' मी डाव्या हाताने चिकन चिरू शकले, पण तुझं उत्तर लिहायला बसले की कागद फाटायचा. रविवारी ती कदाचित हसत हसत विचारेल, बाबा, तुम्ही माझ्या चिठ्ठ्यांना कधीच उत्तर दिलं नाहीत. तेव्हा 'कुठल्या चिठ्ठ्या' असं म्हणू नकोस. म्हण, सगळ्या वाचल्या, उत्तर द्यायचं धाडस झालं नाही. आणि त्याआधी शनिवारी, पास्ता गार होईपर्यंत, बसून एकेक वाच. म्हणजे त्या वाक्यातला एक शब्दही खोटा असणार नाही.

तुझी म्हणावं असं काही उरलेलं नाही, तेव्हा नुसतीच,
ठकीची आई