टिपकीचा लिलाव

अहिल्यानगर
१ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
सुवार्ताचा प्रभूमध्ये सा. सलाम. वि. वि. इथे पहिल्याच दिवशी सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले. तिकडे आफ्रिकेत, मलावीच्या डोंगरातल्या मिशन दवाखान्यात तीन वर्षं रेंज नसणार, म्हणून सवय आतापासूनच.

शिबिर छान चाललंय. काल पुण्याच्या सरांनी हातानं कसं जेवायचं हे दोन तास शिकवलं. आज चुलीचा तास होता. सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण चूल पेटेना. शेवटी मी पेटवली, तर वहीत 'उत्तम प्रगती' असा शेरा मिळाला. उद्या बादलीभर पाण्यात अंघोळ शिकवणार आहेत.

आता कामाचं. घरच्यांच्या हातचं संमतीपत्र पंधरा तारखेपर्यंत आलं नाही, तर माझ्या जागी दुसरी नर्स जाईल. बाबा गेल्यापासून घरचं माणूस तू एकटीच. गोवरात मी हाती लागत नव्हते तेव्हा तूच मला देवाला वाहिलंस, आणि हे तू मंडळीला दर वर्षी सांगतेस. मग चार ओळींना एवढा वेळ का?

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो संमतीपत्रावरही दिसावा.
तुझी
सुवार्ता

कोल्हार
४ नोव्हेंबर

चि. सुवार्तास,
अ. उ. आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. चष्मा सापडत नाही, त्यामुळे संमतीपत्र राहिलं.

इकडे सगळं ठीक. शेजारच्या छबूबाईचे गुडघे दुखतात, पण गावभर हिंडता येणार नाही इतके नाहीत. रविवारी देवळात सुगीचा सण. टिपकीला यंदाही वाहणार, आणि उपासनेनंतरच्या लिलावात मीच बोली लावून परत आणणार. हे पाचवं वर्ष. पाळकसाहेब म्हणतात, आता देवही त्या कोंबडीला ओळखत असेल.

मलावीत बाजरी मिळते का? नसेल तर तिथं जाऊन तू खाणार काय, हेही जरा सरांना विचार.

आहे तसा लोभ ठेव, लांब जाऊन पातळ करू नकोस.
तुझी आई

अहिल्यानगर
७ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. सलाम. चष्मा नसताना तू इतक्या सरळ ओळी काढल्यास, याचं इथे सगळ्यांना कौतुक वाटलं.

काल सरांनी विचारलं, मागे काय सोडवत नाही? मी म्हणाले, आमची टिपकी. सगळे हसले. खरं तर तुझं नाव घ्यायचं होतं, पण घेतलं असतं तर रडू आलं असतं.

आई, मला जायचंय. तू एकटी पडशील हेही मला कळतं. नाही म्हणालीस तर परत येईन, राग धरणार नाही. पण 'नाही' असं स्वतः लिही, चष्म्यावर ढकलू नकोस.

काहीही लिहिलंस तरी माझा लोभ तोच राहील.
तुझी
सुवार्ता

कोल्हार
१० नोव्हेंबर

चि. सुवार्तास,
अ. उ. आशीर्वाद. चष्मा हरवला नव्हता. तो डोक्यावरच होता.

काल सण झाला. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघतच टिपकीचा लिलाव सुरू केला. छबूबाईनं बोली लावली. एक वार, दोन वार म्हणून साहेब थांबले. सगळी मंडळी मागे वळून बघायला लागली. मी गीतांचं पुस्तक उघडून बसले. तीन वार झाले तेव्हा छबूबाईच घाबरली. तिनं नुसती माझी थट्टा करायला बोली लावली होती.

घरी येऊन मी पुष्कळ रडले. तुला वाहिलं तेव्हाही माझ्या मनात हेच होतं बघ, आधी देवाला द्यायचं आणि मग आपणच सोडवून आणायचं. चोवीस वर्षं मी तुझी बोली लावायला बसले होते. देवाला तरी किती फसवायचं?

संमतीपत्र सोबत आहे. अक्षर हललंय. सरांना सांग, चष्मा लावूनच लिहिलं.

टिपकी आज सकाळी कुंपणाखालून आली आणि आपल्याच खुराड्यात अंडं घालून गेली. अंडं छबूबाईला नेऊन दिलं. कोंबडीला मात्र मी रागावले नाही.

खुराडं मोडलेलं नाही. तीन वर्षं लोभ असाच असू दे.
तुझी आई