डब्यातल्या गोळ्या

नवेगाव बांध, १२ ऑगस्ट २०२५

चि. दुर्गेश्वरीस अ. उ. आ.

फोनवर बोलताना सासूबाई शेजारीच असतात, म्हणून हे पत्र. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून पाळी येण्यासाठी आणि इन्सुलिन आवरण्यासाठी दिलेल्या गोळ्या अजून डब्यातच आहेत. सासूबाई म्हणाल्या, राखी होऊन जाऊ दे, मंग खाजो. आता म्हणतात पोळा, मग गणपती. पाच महिने पाळी नाही, त्यामुळे प्रत्येक नैवेद्य माझ्याच हातचा. दोन्ही जावा महिन्याला बाहेर बसतात, मी एवढ्यात एकदाही नाही. शेतात भाताच्या रोवणीवरून आले की पुन्हा चूल. फार थकले गं.

लग्नाला सहा वर्षं झाली, मूल हवं आहे. हनुवटीवरचे केस पाहून शेजारच्या जमुनाबाई म्हणतात, माझ्यात पुरुषाचा अंश आहे. तू प्राणिशास्त्र शिकतेस, खरं असेल का? दमलेल्या बहिणीवर लोभ असू दे.

तुझी नूतनताई

नागपूर, १८ ऑगस्ट

ती. नूतनताईस सा. न. वि. वि.

राग आला, तुझाही. जमुनाबाईंना सांग, केस येतात ते पुरुषी हार्मोनमुळे, आणि ते प्रत्येक बाईच्या अंडाशयात बनतं, त्यांच्याही बनत होतं! अंड्याच्या पिशवीच्या बाहेरच्या थरात थीका पेशी असतात. मेंदूखालच्या ग्रंथीकडून एलएच नावाचं हार्मोन आलं की त्या ते बनवतात आणि आतल्या पेशी त्याचंच बाईचं हार्मोन करतात. एका जावेने तांदूळ निवडून द्यावे, दुसरीने शिजवावे, तसं. तू पाठवलेल्या रिपोर्टात एलएच जास्त, त्यात इन्सुलिनही वाढलेलं. दोघं मिळून थीका पेशींना थांबूच देत नाहीत. आतल्या पेशींना तेवढं आवरत नाही. अंडं अर्धवट राहतं, पाळी अडते, केस येतात. यात तुझा काय दोष? पाळीची गोळी घे, इन्सुलिन आवरणारीही घे. सणांना विचारत बसू नकोस.

लोभ कमी झाला तरी चालेल, गोळी चुकवू नकोस.

तुझी दुर्गेश्वरी

नवेगाव बांध, १ सप्टेंबर

चि. दुर्गेश्वरीस अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या, कुणाला न सांगता. चार दिवसांपूर्वी गणपतीच्या जेवणाला वीस माणसं, आणि पीठ मळतानाच पाळी आली. सासूबाई चिडल्या, काऊन खाल्ल्या गोळ्या म्हणाल्या, पण मला घराबाहेरच्या छपरीत बसवावंच लागलं. तुला हे बाहेर बसणं पटत नाही, मलाही नाही. पण दुर्गे, मी दुपारभर झोपले. उठले तेव्हा धाकटी जाऊ चहा ठेवून गेली होती. सहा वर्षांत या घरात न मागता मिळालेला चहा पहिल्यांदा प्यायले, आणि खूप रडले.

मूल होईल का, ठाऊक नाही. आज पाचव्या दिवशी न्हाऊन गोळ्यांचा डबा चुलीशेजारच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. आता स्वयंपाकाला जाते. लोभ आहेच, पत्रंही येऊ देत.

तुझी नूतनताई