डावा पीळ

२७ मार्च

पुन्हा डावा! आज चौथ्यांदा. बाटली उजव्या पिळाची, लेबल तीनदा वाचलं, तरी सोन्याचे कण डावीकडेच पिळले. एकाच अमिनो आम्लाची दोन रूपं, आरशातल्यासारखी. एकानं सोनं डावीकडे वळतं, दुसऱ्यानं उजवीकडे. दहा वर्षं हेच करतेय. माझी चूक? शक्यच नाही.

मेंग सर म्हणाले, "सतरा एप्रिलला कंपनीची माणसं येतायत. त्यांना काय दाखवू, तुमचा डावखुरेपणा?" औषधाच्या रेणूचा आरशातला विषारी जुळा ओळखायची चाचणी-पट्टी उजव्या सोन्याशिवाय होत नाही. कळतंय मला. सारखं सांगायला नको.

३० मार्च

माझ्या हाताखालच्या बोमीनं करून पाहिलं. माझी बाटली, माझं पाणी, माझी खुर्ची. उजवा!

लगेच मी केलं. डावा.

"ताई, तुमच्या हाताला झालंय तरी काय?" हसत म्हणाली, पण हसू लवकर आवरलं तिनं.

३ एप्रिल

बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकले. सातवा आठवडा. दो-ह्वान डॉक्टरांसमोरच रडला. असला कसला नवरा!

लॅबमध्ये कुणाला सांगायचं नाही. गेल्या वर्षी सगळ्यांना सांगून बसले, आणि नवव्या आठवड्यात सगळं संपलं. मग तेही एकेकाला सांगावं लागलं. या वेळी नाही. हे मूल मला हवंय. पट्टी, कंपनी, सगळं गेलं खड्ड्यात — हे हवंय.

६ एप्रिल

ओकारी काढून बाहेर आले तर समोर कू मावशी, लादी पुसत. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं बाईनं! मग माझ्या टेबलापाशी पुसायला आली. पडद्यावर कणाचा मोठा केलेला फोटो होता. तिनं बोटानं त्याचा पीळ गिरवला.

"डावा वळलाय गं हा. आमच्या गावी बाळंतिणीच्या दाराला असाच पेंढ्याचा दोर बांधायचे. एरवीचे दोर उजवे, हा तेवढा डावा. राखण असते पोरी."

"राखण कुणापासून?" मी विचारलं.

मावशीनं बादली उचलली आणि गेली.

७ एप्रिल

डावा. बरं वाटलं. लिहायलाही लाज वाटते, पण वाटलं.

१० एप्रिल

कँटीनमध्ये समुद्री शेवाळाचं सूप. परीक्षेच्या, मोजणीच्या दिवशी आमच्याकडे त्याला कुणी शिवत नाही. बुळबुळीत, हातचं यश निसटतं म्हणे. मी दोन वाडगे संपवले. बोमीचे डोळे पांढरे झाले. "अहो ताई, मुद्दाम आपटायचंय का?"

हो, आपटायचंय! पीएच.डी. झालेली बाई, आणि सूप पिऊन नापास व्हायला बघतेय.

डावा. देव पावला.

१४ एप्रिल

डावाच, पण पीळ ढिला पडलाय. तीन दिवस पिळाचा आलेख खाली खाली येतोय. यंत्र दोनदा तपासलं, यंत्राला काही झालेलं नाही. सर खूश. "येतंय, येतंय लाईनीवर!"

दवाखान्यात फोन केला. काय सांगणार — सोन्याचा पीळ सैल झालाय? नर्स म्हणाली, "पोटात दुखत नाही ना? रक्त नाही ना? मग वीस तारखेलाच या. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका."

१६ एप्रिल

शून्य. ना डावा, ना उजवा. दोन तास पोटावर हात ठेवून बसले.

१७ एप्रिल

कंपनीच्या माणसांसमोर केलं. तीच बाटली, तेच हात. उजवा, अगदी सुरेख! सरांनी टाळ्या वाजवल्या, बोमीनं मिठी मारली.

सकाळपासून मळमळ नाही. मागच्या वेळीही आधी तीच थांबली होती.