नाताळचं उघडं दार

१ डिसेंबर
ठराव. येशूचा शिष्य कसा असतो ते यंदा कॉलनीला बोलून नाही, वागून दाखवायचं. परंड्याच्या या कॉलनीत ख्रिस्ती घर आमचं एकच, आणि मार्चमध्ये बायको, सुलभा, गेल्यापासून घरात मी एकटाच. नाताळला दिवसभर दार उघडं ठेवणार. आवतण कुणालाच नाही. माझं वागणं हेच आवतण.

४ डिसेंबर, पहाटे ५
गल्ली झाडली. गुप्त सेवा.

सकाळी ९
कुणीच बघितलं नाही. शेजारचे बंडप्पा बायकोला सांगत होते, झाडूवाला आज लई येळेवर आला. उद्यापासून साडेसातला झाडेन. सांगणार मात्र कुणाला नाही, तेवढा गुप्तपणा राहीलच.

५ डिसेंबर
बंडप्पांनी बघितलं. झाडू हिसकावून घेतला. म्हणाले, साहेब, ह्या वयात हे काय काढलंव, कंबर धरंल की. कंबर धरली. सेवा स्थगित.

१४ डिसेंबर
समोरच्या ताहेराबींनी विचारलं, भाईसाब, सणाला घरीच हाव का? दोनदा विचारलं. 'या' हा शब्द तोंडाशी आला होता, गिळला. तत्त्व म्हणजे तत्त्व. म्हणालो, प्रभूची इच्छा. उत्तर नम्र होतं, आणि जरा खोलही.

१९ डिसेंबर
सोलापूरहून रूथचा फोन. केक कधी करणार ते सांगितलं, पोरांच्या परीक्षेचं सांगितलं. 'पप्पा, या' काही म्हणाली नाही. पोटच्या लेकीकडे झालं तरी न बोलावता कसं जायचं? तिला क्षमा केली.

२३ डिसेंबर
करंज्या तळल्या. साठ. फुटलेल्या धरल्या नाहीत. वासानं बंडप्पांच्या कमलबाई आल्या. पाव्हणं येणार हायती व्हय? म्हणालो, यायचे ते येतील. त्या म्हणाल्या, बरं झालं बाई, घर भरंल.

२५ डिसेंबर, सकाळी ७
दार उघडलं.

११
कुणी नाही. येशूला तरी सुरुवातीला बाराच मिळाले होते.

दुपारी १.३०
रूथचा फोन. पप्पा, कुठवर आलात, पोरं जेवायची थांबलीत. मी म्हणालो, तू बोलावलंस कुठं? म्हणाली, मी तुम्हाला आवतण द्यायचं? आणि रडायला लागली. शेवटची सोयीची एसटी गेली होती.

४
वारं आत येतंय. शाल घेतली. दार लावलेलं नाही.

६
ताहेराबी दाराशी थांबल्या. पाव्हणे येणार म्हणून कमलबाई म्हणल्या व्हत्या, गेले का, म्हणाल्या. सकाळपासून यायचं व्हतं, पण तुमच्या माणसांत मधीच कसं शिरायचं? पायरीवर एक पाय ठेवून उभ्या होत्या. मी म्हणालो, हो, आत्ताच गेले. फार गर्दी होती. त्या म्हणाल्या, मग दमला असाल, आराम करा. आणि गेल्या.

खोटं बोललो. नाताळच्या दिवशी. कुणीच आलं नाही, फार एकटं वाटतंय, एवढं म्हणालो असतो तर त्या आत आल्या असत्या.