एका चिठ्ठीवर दोन ट्यूब

३ फेब्रुवारी, वसमत

वसतिगृहात आम्हा दोघींत एकच स्वेटर होता. सकाळच्या प्रार्थनेला खुर्शीद घालायची, संध्याकाळच्या अभ्यासाला मी. सिस्टरना कधी कळलं नाही! अजून ट्रंकेत आहे तो.

पाळी गेल्यावर दोघींना थंडीतही पंखा लागायचा. माझ्या डॉक्टरीणबाईंनी इस्ट्रोजेनची जेल दिली तेव्हा खुर्शीद म्हणाली, "तुझी चिठ्ठी हाय ना, मग मी काहून जाऊ दवाखान्यात?" सप्टेंबरपासून एका चिठ्ठीवर दोन ट्यूब आणते. मेडिकलवाला विचारत नाही. अंगातल्या वाफा थांबल्या. दोघींच्याही.

१९ फेब्रुवारी

खुर्शीदला पाळी आली! चार वर्षांनी! फोनवर हसून बेजार – "तुझ्या जेलनं जवान केलं गं मला! आयेशाच्या अब्बांना सांगू का?" मीही खूप हसले.

२२ फेब्रुवारी

अजून जातंय तिला. हसू थांबलंय.

२३ फेब्रुवारी

नांदेडला माझी नेहमीची तपासणी. बीपी बरं आहे. जाता जाता सहज विचारलं – मैत्रीण पण लावते, तिला असं होतंय. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुमची गर्भपिशवी काढलेली आहे, म्हणून तुम्हाला नुसतं इस्ट्रोजेन चालतं. त्यांची आहे ना? मग सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. नाहीतर आतलं अस्तर वाढत जातं. आणि पाळी गेल्यावर रक्त गेलं तर ती पाळी समजायची नाही. जेल बंद करा. उद्याच घेऊन या त्यांना."

बसमध्ये कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं. रडू येईल वाटलं होतं. नाही आलं.

२४ फेब्रुवारी

सोनोग्राफी. अस्तर जाड. तुकडा तपासायला पाठवला.

"औषध कुणी दिलं?" बाईंनी विचारलं.

"मीच आणलं, मेडिकलातून," खुर्शीद म्हणाली.

"मी दिलं. साडेपाच महिने," मी म्हणाले. तिने टेबलाखाली चिमटा काढला – प्रार्थनेत काढायची तसाच.

बाहेर आल्यावर चिडली. "काहून बोललीस? बसली ना बोलणी तुला!"

१ मार्च

रिपोर्ट नाही. कपाट आवरलं. परत आवरलं.

६ मार्च

कॅन्सर दिसला नाही. पण पेशी बदलायला लागल्यात. पिशवी काढावी लागेल.

खुर्शीदने बाईंना विचारलं, "मग मी हिच्यासारखीच झाले की! आता चालंल ना हिची ट्यूब?"

बाई म्हणाल्या, ते ऑपरेशननंतर बघू, आणि तुमच्या स्वतःच्या चिठ्ठीवर. खुर्शीदची लेक आयेशा भिंतीकडे तोंड करून रडली. मी नाही.

कपाटातली तिच्यासाठी आणलेली ट्यूब: कुणालाच नाही. माझी चिठ्ठी: फक्त मला. रिपोर्टांची फाईल: आयेशाला. ऑपरेशननंतरची खोली गार असते, आठवतं मला. स्वेटर अंगात जाणार नाही, पायांवर टाकता येईल. तो खुर्शीदला. सकाळीही, संध्याकाळीही.