शर्टाला वास, तोंडाला नाही

३ जानेवारी
दारूचा वास शर्टाला येतो आणि तोंडाला येत नाही, हे कसं? मी बी.एस्सी. झाले, घरातली पहिली पदवीधर, पण याचं उत्तर मला येत नाही.

आबांच्या खांद्याजवळ गेलं की रम. तोंडाजवळ नुसता चहा. मिलिटरीतून रिटायर झालेले हवालदार आहेत, दर महिन्याला कॅन्टीनमधून रमचा कोटा येतो. बाटली पिठाच्या डब्यामागे. आणि मी गावात दारूबंदीच्या 'आडवी बाटली' मोहिमेची अध्यक्ष! संताप येतो.

संकल्प : पुराव्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही.

११ जानेवारी
पुरावा मिळाला. टीव्ही बघताना आबांचा डावा हात मांडीवर तंबाखू मळत असतो. हातात तंबाखू नसते. अंगठा आणि बोट आपले फिरतायत. म्हणजे तंबाखूसुद्धा!

आईला जाब विचारला. ती म्हणाली, "खांदा धरलाय त्येंचा. रोज रम चोळती मी. तुला सांगितलंया की."

सांगितलंय खरं. पण व्यसनी माणसाच्या घरचे असंच झाकतात. शिबिरात शिकवलंय, याला 'नकार' म्हणतात. आई पूर्ण नकारात आहे.

२६ जानेवारी, सकाळ
आबा मेडल लावून झेंडावंदनाला आले. उजवा हात झुलतोय, डावा अंगाला चिकटलेला. पाय फरफटत. पोरींनी नाच केला, सगळे हसले, आबांचा चेहरा दगड. सकाळी सकाळी! रात्रीची उतरलीच नव्हती, दुसरं काय.

२६ जानेवारी, दुपार
ग्रामसभेत बोलले. सुधारणा स्वतःच्या घरापासून करावी, म्हणून माईकवर सांगून टाकलं, "माझे वडीलही पितात."

टाळ्या नाहीत. आबांच्या पलटणीतले हरिबाकाका उठले. "आगं पोरी, तुझा बा पलटनीत माझा पेग नाल्यात वतायचा!" सगळी सभा हसली. हे पुरुषांचं संगनमत आहे.

आबा काहीतरी पुटपुटले. हल्ली आवाजच निघत नाही. अपराधी माणूस काय बोलणार? मेडल काढून खिशात घातलं आणि घरी गेले. मेडल एका हातानं निघेना, ते काकांनी काढून दिलं.

२ फेब्रुवारी
आबा पारावर जाणं बंद. दिवसभर घरात. संगत तुटली, मोहिमेचं पहिलं यश.

बँकेनं आबांच्या सहीचा चेक परत केला. 'नाथाजी'मधला 'ना' नीट, 'जी' मुंगीएवढा. कारकून म्हणाला, सही जुळत नाही. मी म्हणाले, दारूचा परिणाम. त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं. म्हणजे पटलं.

९ फेब्रुवारी
आबांना साताऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. 'कॅन्टीनला जाऊ' असं सांगून. खोटं नाही, रस्ता तोच.

तिथल्या समुपदेशक दीपमाला मॅडमनी चहा मागवला. कप धरल्यावर आबांचा फिरणारा हात थांबला. त्यांनी आबांना चालायला लावलं, अंगठ्यावर बोट भराभर आपटायला लावलं. मग मला म्हणाल्या, "पिणाऱ्याचे हात असे नसतात. यांना सांगलीला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या." चिठ्ठीवर नाव लिहून दिलं.

अशा लोकांमुळेच देशात दारू वाढते.

१० फेब्रुवारी
अजून चीड जात नाही. मेंदू! टी.वाय.ला मज्जासंस्थेवर माझा सेमिनार होता. वर्गात पहिली आले होते. मला कळलं नसतं?

आई म्हणाली, "तू न्हाई तर मी जाती घिऊन. सांगली कुठं परदेशात हाय व्हय?" तिला फलाटसुद्धा समजत नाही. नाइलाजानं मी जाणार. मॅडमना खोटं पाडायला.

१८ फेब्रुवारी
रहिमतपूरहून रेल्वेनं सांगली. डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात. पार्किन्सन्स.

रिकामा असला की थरथरणारा हात, न झुलणारा हात, फरफटणारे पाय, बारीक होत जाणारी सही, दबलेला आवाज, धरलेला खांदा. ते एकेक सांगत होते आणि मी "हो" म्हणत होते. सगळे माझेच पुरावे.

शेवटी म्हणाले, "बरेच महिने झालेत. औषधानं फरक पडेल, पण लवकर यायला हवं होतं. घरात कुणी बघितलं नाही का?"

आबा म्हणाले, "लेकीनं समदं बघितलं, सायेब. येक सोडलं न्हाई."

कौतुक केलं की टोमणा मारला, चेहऱ्यावरून कळेना. डॉक्टर म्हणाले, चेहरा हलत नाही, तोही आजारच आहे.

२० फेब्रुवारी
टी.वाय.च्या पुस्तकाचा राग येतोय. चित्रातला कंपवाताचा माणूस वाकलेला म्हातारा होता. आबा ताठ आहेत. त्यात माझा काय दोष? बँकेलाही कळायला हवं होतं.

आबांना म्हणाले, पारावर जा, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. म्हणाले, "कशाला? तू सांगितलंस तेच लोकं बघत बसत्याल. हात काय थांबतोय व्हय?"

मी जेवले नाही. आईनं पण आग्रह केला नाही.

२३ फेब्रुवारी
काल भाषण लिहिलं. 'मेंदूचे आजार आणि आपला समाज'. पानंच्या पानं. सकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर वाचायला गेले.

पाणी सोडणारे ज्योतिबामामा म्हणाले, "आटपा ताई, नळ सुटायचा हाय." घाबरून भाषण उघडलंच नाही. एवढंच बोलले, "आमचे आबा पीत नाहीत. मी चुकीचं बोलले. त्यांचा हात आजारानं हलतो."

नळावरच्या रांगेतून आमच्या मोहिमेतल्या क्रांतीवहिनी ओरडल्या, "म्हायती हाय गं! पानी कवा सुटतंय त्ये सांग!"

घरी आले तर आबा नाहीत. आई म्हणाली, "पारावर गेल्यात. हरिबा आला आन हाताला धरून न्हेलं. लय येळ झाला, तू भोंग्यावर जायच्या आदी."

म्हणजे आबांना घराबाहेर काढायला माझी गरजच नव्हती. राग आला. कुणाचा, ते लिहीत नाही.

अध्यक्षपद क्रांतीवहिनींना देऊन आले. त्यांनी डोक्यावरची घागरसुद्धा खाली ठेवली नाही. बरं, म्हणाल्या.